पितळी तांब्याचे चित्र कसे पाहावे

शाळेच्या भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी असतात, नकाशे असतात, फळाफुलांचे व प्राण्यांचे तक्ते असतात. त्या रांगेत एखाद्या दिवशी साध्या पितळी तांब्याचे चित्र लावले, तर चौथीतील एखादा मुलगा हमखास विचारतो, “गुरुजी, हे कशाला लावले? तांब्या तर आमच्या घरीसुद्धा आहे.” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला ‘सुंदर आहे म्हणून’ एवढेच उत्तर देऊन भागत नाही. त्यात सुंदर काय आहे, हे शिक्षकाला स्वतःला दिसले पाहिजे आणि मुलांना दाखविता आले पाहिजे. चित्र काढावयास कसे शिकवावे यासंबंधी आपण बहुधा थोडेफार वाचलेले असते. परंतु चित्र पाहावयास कसे शिकवावे, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात एकच चित्र समोर ठेवून तो विचार करावयाचा आहे.

चित्रात काय आहे

आमच्या केंद्रातील एका शाळेत एका सेवानिवृत्त चित्रकला-शिक्षकांनी दिलेले एक जलरंगी चित्र आहे. कागद अर्ध्या तावाचा. मध्यापासून किंचित डावीकडे एक पितळी तांब्या, त्याच्या पुढे उजवीकडे एक लहान फुलपात्र. मागे चुन्याने पांढरी केलेली भिंत, खाली शेणाने सारवलेली जमीन. डाव्या बाजूच्या दारातून प्रकाश येतो आहे. दार मात्र चित्रात नाही. माणूस नाही, फूल नाही, देवघर नाही, कोणताही प्रसंग नाही. अशा चित्रास वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र म्हणतात. आपल्या राज्यातील शासकीय रेखाकला परीक्षांत हा विषय असतो. म्हणून पुष्कळांना तो केवळ परीक्षेचा विषय वाटतो. वस्तुतः तो डोळ्यांना शिस्त लावणारा विषय आहे.

हे चित्र वर्गात दाखविताना पहिले पथ्य असे की, शिक्षकाने आरंभी काहीही बोलू नये. मुलांना दोन मिनिटे नुसते पाहू द्यावे. त्यानंतरही “हे काय आहे?” असे न विचारता “तुम्हांस काय काय दिसते?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘तांब्या’ या एका शब्दात संपते. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मुले तास संपेपर्यंत देत राहतात.

ठाऊक असणे आणि दिसणे

मुलांना प्रथम तांब्याच्या तोंडाकडे पाहावयास सांगावे. तांब्याचे तोंड गोल असते, हे प्रत्येक मुलास ठाऊक आहे. परंतु चित्रात ते गोल नाही. चपट्या अंड्यासारखे, म्हणजे लंबवर्तुळाकार आहे. चित्रकाराची ही चूक आहे काय? याचा निकाल लावण्यासाठी खरा तांब्या आणावा. तो मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर धरला, तर तोंडाची कड एक आडवी रेघ दिसते. हळूहळू खाली नेला, तर ती रेघ उघडत जाऊन लंबवर्तुळ होते. जमिनीवर ठेवून उभ्याने वरून पाहिले, म्हणजे तोंड पूर्ण गोल दिसते. वस्तू एकच, पण डोळा कोठे आहे यावर तिचे रूप ठरते.

आता तांब्याच्या बुडाकडे यावे. बहुतेक मुले तांब्या काढताना तोंड गोलसर काढतात आणि बूड मात्र पट्टीने ओढल्यासारखे सरळ काढतात. ‘तांब्या सपाट जमिनीवर बसला आहे, तेव्हा त्याचे बूडही सपाट’ असा त्यांचा हिशोब असतो. हा हिशोब मनाचा असतो. डोळ्यांनी तो केलेला नसतो. चित्रातील बुडाची कड नीट पाहिली, तर ती वक्र आहे. आणि लक्षपूर्वक पाहिल्यास असे आढळते की, तोंडाच्या वक्रतेपेक्षा ती अधिक भरीव आहे. कारण बूड डोळ्यांच्या पातळीपासून तोंडापेक्षा अधिक खाली आहे, आणि वर्तुळ जितके खाली जाईल तितके ते अधिक उघडे दिसते. एवढी गोष्ट मुलाने स्वतः शोधून काढली, तर त्याला भूमितीचा एक धडा आपोआप मिळाला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आपल्याला ठाऊक आहे ते व आपल्याला दिसते ते एकच नसते, हे त्याला उमगले.

प्रकाश कोठून आला

यानंतर विचारावे, “या चित्रात सर्वांत उजळ जागा कोणती?” मुले तांब्याच्या डाव्या पोटावरील पांढऱ्या डागाकडे बोट दाखवितील. त्या डागाचा आकार पाहावयास सांगावे. तो गोल ठिपका नाही. उभा, दोन्ही कडांना किंचित वाकलेला, चौकटीसारखा आहे. तेच ते दार! चित्राच्या बाहेर राहिलेले दार तांब्याच्या पोटात शिरले आहे. घासलेल्या पितळी तांब्याचे पोट हे बहिर्गोल आरशासारखे काम करते. त्यात समोरच्या वस्तूची प्रतिमा उभीच, पण लहान आणि वाकलेली दिसते. पोटाच्या मध्यभागी एक लहानसा काळपट डाग आहे. तो प्रथम मळकट वाटतो. परंतु तांब्यासमोर बसणाऱ्याची प्रतिमा नेमकी तेथेच पडते, हे खऱ्या तांब्यासमोर बसून पाहिले की कळते. तो डाग म्हणजे चित्र काढीत बसलेले ते गुरुजी होत. मुलांना हा शोध लागला, म्हणजे वर्गात जो आनंद होतो, तो पाहण्यासारखा असतो.

डावीकडून उजवीकडे येताना पितळेचा रंग पिवळ्यावरून तांबूस, तांबूसावरून गडद तपकिरी होत जातो. परंतु अगदी उजव्या कडेला, जेथे सर्वांत अधिक काळोख असावा असे वाटते, तेथे पुन्हा एक अरुंद फिकट पट्टी आहे. चुन्याच्या भिंतीवरून परतलेला प्रकाश तेथे पोचला आहे. ही पट्टी नसती, तर तांब्या कागदातून कापून चिकटविल्यासारखा चपटा दिसला असता. तिच्यामुळे तांब्याला मागची बाजू आहे असे वाटते. शेवटी जमिनीवरील पडछाया पाहावी. ती काळी नाही. सारवलेल्या जमिनीचाच रंग तेथे गडद व किंचित निळसर झाला आहे. आणि ती तांब्याच्या बुडाशी गडद असून दूर जाताना विरळ व अस्पष्ट होते. ही पडछायाच तांब्यास जमिनीवर बसविते. हाताच्या तळव्याने ती झाकून चित्र पाहावे, म्हणजे तांब्या अधांतरी तरंगू लागतो.

मुलांना मातीचा माठही दाखवावा. माठावर असा चकचकीत डाग पडत नाही. प्रकाश त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर मऊपणे पसरतो. एकाच दारातून आलेला प्रकाश पितळेवर एक बोलतो आणि मातीवर दुसरे. चित्रकाराने ‘हे पितळ आहे’ असे कोठेही लिहिलेले नाही. प्रकाशाच्या वागणुकीवरून आपण ते ओळखतो.

जलरंगाचा स्वभाव

जलरंग म्हणजे बारीक कुटलेली रंगाची भुकटी आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. पाण्याने तो पातळ केला की कागदावर पारदर्शक थर बसतो. या पारदर्शकतेत जलरंगाचे सारे वैशिष्ट्य आहे. तैलरंगात उजळ जागा दाखविण्यासाठी पांढरा रंग वरून लावता येतो. शुद्ध जलरंगात तसे करीत नाहीत. तेथे पांढरा म्हणजे मोकळा सोडलेला कागद. तांब्यावरील तो दाराचा डाग म्हणजे रंग नव्हे, तो कागदच आहे. चित्रकाराने सगळीकडे रंग लावला आणि तेवढी जागा राखून ठेवली. म्हणजे चित्रातील सर्वांत तेजस्वी जागा ही न केलेल्या कामाची जागा आहे. परंतु ती सोडावयाची कोठे, हे पहिला कुंचला टेकण्यापूर्वीच ठरवावे लागते.

म्हणून जलरंगात फिक्यापासून गडदाकडे जावे लागते. एकदा गडद झालेली जागा पुन्हा उजळ करणे फार कठीण. खोडून खोडून केलेले जलरंगी चित्र लगेच ओळखू येते; ते मळते. शिवाय ओला रंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून अंदाज बांधूनच काम करावे लागते. पार्श्वभूमीची भिंत एका मोठ्या ओल्या हाताने रंगविली आहे. तेथे एका छटेतून दुसरी छटा कडा न ठेवता मिसळली आहे. उलट फुलपात्राची कड कोरड्या कागदावर एकाच फटकाऱ्यात काढलेली आहे. हे दोन्ही हात मुलांना दाखवावेत. आधी पाहावे, मग ठरवावे, आणि ठरल्यावर न कचरता करावे, हा धडा या माध्यमाइतका स्पष्टपणे दुसरे कोणतेही माध्यम देत नाही.

माझी एक चूक

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे अवश्य आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी वर्गाच्या मधोमध तांब्या ठेवून मुलांकडून चित्र काढून घेत असे. एकदा एका मुलीने तांब्याच्या पिवळ्या पोटावर खालच्या बाजूस एक लालभडक ठिपका रंगविला. मी तिच्या वहीवर फुली मारली आणि म्हणालो, “तांब्या पिवळा असतो. हा लाल डाग कुठून आणलास?” ती रडली नाही. थोडा वेळ गप्प राहून हळूच म्हणाली, “गुरुजी, इथे बसून पाहा ना.”

मी तिच्या जागेवर खाली बसलो. तांब्याजवळ जमिनीवर तिच्या शेजारणीची लाल कापडी पिशवी पडली होती, आणि तिचे प्रतिबिंब नेमके त्या जागी तांब्याच्या पोटात उतरले होते. मी उभा होतो तेथून ते दिसत नव्हते. त्या वर्गात चाळीस मुले होती. त्यांपैकी एकोणचाळीस मुलांनी तांब्या पिवळा असतो म्हणून पिवळा रंगविला होता, आणि एकीने तो पाहून रंगविला होता. फुली मी तिलाच मारली होती.

ती फुली मी सर्वांसमोर खोडली. तथापि पुढे त्या मुलीने चित्राच्या तासाला पुन्हा कधी आपण होऊन असा रंग लावला नाही. तिचे तांबे इतरांप्रमाणेच निमूटपणे पिवळे झाले. शिक्षकाच्या एका फुलीने काय जाते, हे त्या दिवसापासून मी विसरलेलो नाही. रसग्रहणाचा हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, तो याच कारणास्तव. डोळ्यांनी दिसलेले खरे बोलण्याचे धैर्य मुलात असते; ते टिकविणे किंवा घालविणे आपल्या हाती असते.

वस्तूची थोरवी

चित्र पाहून झाल्यावर मुलांनी पुन्हा वस्तूकडे वळावे. १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्या देशातील वस्तुरचनेसंबंधी एक अहवाल सादर केला. पुढे १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली, तिची प्रेरणा या अहवालात आहे. देशभर हिंडून पाहिलेल्या सर्व वस्तूंत त्यांना सर्वांत थोर व सर्वांत सुंदर वाटला तो साधा लोटा. लोट्याचे रूप कोणा एका कारागिराने ठरविलेले नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या वापरातून ते घडत आले, असे त्यांनी दाखवून दिले. आणि असा लोटा नव्याने घडवावयाचा झाल्यास किती गोष्टींचा विचार करावा लागेल, याची एक यादीच मांडली. त्यात किती पाणी राहावे, तो कोणाच्या हातात बसावा, कमरेवर वा डोक्यावर कसा तोलला जावा, भरलेला व रिकामा असताना त्याचा तोल कसा राहावा, ओतताना धार कशी पडावी, आतून घासता यावा यासाठी तोंड केवढे असावे, फार काय, खाली ठेवताना त्याचा आवाज कसा यावा, इथपर्यंत.

हे प्रश्न आपल्या मुलांना विचारून पाहावेत. उत्तरे त्यांच्या घरी आहेत. गळा अरुंद का? बोटे आत घालून उचलावे लागू नये आणि पाणी हिंदकळू नये म्हणून. काठ बाहेर वळलेला का? धार नीट पडावी आणि पकड मिळावी म्हणून. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई का करीत? ताक, चिंच यांसारखे आंबट पदार्थ पितळेला लागून कळकतात म्हणून. जुन्या तांब्यांच्या अंगावर ठोक्यांच्या बारीक खळग्या दिसतात. ही तांबटाची मठारकामाची खूण होय; पुण्याची तांबट आळी याच कामासाठी प्रसिद्ध आहे. ठोकल्याने पत्रा कठीण होतो आणि प्रत्येक खळगी स्वतंत्रपणे प्रकाश पकडते. म्हणजे जे मजबुतीसाठी केले, तेच शोभाही झाले. भाषेच्या तासाला एवढेही सांगावे की, ‘तांब्या’ हे नाव तांबे या धातूवरून आले. पुढे पितळेचा आणि आता स्टीलचा झाला, तरी नाव तेच राहिले.

आज पुष्कळ घरांतील पितळी भांडी माळ्यावर गेली आहेत किंवा मोडीत निघाली आहेत. स्टील व प्लॅस्टिक सोयीचे आहे, याबद्दल तक्रार नाही. परंतु मुलाने एकदा तांब्या डोळे भरून पाहिला असेल, तर तो मोडीत काढताना निदान त्याच्या हाताला क्षणभर थांबावेसे वाटेल.

थोर चित्रकारांनी हेच केले

घरातील भांड्याचे चित्र हा हलका विषय आहे, असा समज असल्यास तो सोडावा. फ्रान्समधील शार्दँ या चित्रकाराने १७३४ च्या सुमारास तोटी असलेले तांब्याचे पाण्याचे पिंप व त्याजवळची बादलीसारखी साधी भांडी एवढ्यावरच एक तैलचित्र रंगविले. ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच देशातील पॉल सेझान (१८३९–१९०६) याने आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत निळ्या एनॅमलच्या भांड्याचे एक मोठे जलरंगी चित्र काढले. ते अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील गेटी संग्रहालयात आहे. त्यात भांडे, पांढरा दुधाचा चंबू आणि काही सफरचंदे एवढाच ऐवज आहे, आणि उजेडाच्या जागी येथेही कोरा कागद आहे.

आपल्याकडे सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) हे जलरंगावरील प्रभुत्वासाठी विख्यात होते. हातातील दिव्याच्या ज्योतीवर दुसऱ्या हाताचा आडोसा धरलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ज्योत बोटांआड झाकलेली आहे. तिचा उजेड मात्र बोटांच्या फटींतून आणि चेहऱ्यावरून दिसतो. ते पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते तैलचित्र वाटते. पण ते जलरंगातील आहे. विषय काय, तर घरातला दिवा.

वर्गात करावयाचे काम

हा पाठ दोन तासिकांत सहज होतो. पहिल्या तासिकेत चित्र पाहावे. चित्र नसेल तर दाराजवळ प्रत्यक्ष तांब्या ठेवून तो पाहावा. दुसऱ्या तासिकेत मुलांनी आपापल्या जागेवरून चित्र काढावे. फळ्यावर शिक्षकाने नमुना काढू नये. काढल्यास सर्व मुले तांब्याकडे पाठ करून फळ्याकडे पाहतात. मुलांना अर्धगोल बसवावे आणि शेवटी सर्व चित्रे त्याच क्रमाने भिंतीवर लावावीत. मग उजळ डाग एका चित्रात डावीकडे, तर दुसऱ्यात मध्ये आलेला दिसतो, आणि प्रत्येकाने आपल्या जागेवरून खरे पाहिले हे सर्वांना कळते.

रंगपेटी नसल्यास अडू नये. गेरू, हळद, कोळसा आणि कपड्यांना घालण्याची नीळ डिंकाच्या पाण्यात कालवली, तर या पाठापुरते रंग तयार होतात. हळदीचा रंग उन्हाने उडतो, म्हणून चित्रे सावलीत लावावीत.

गुण द्यावयाचे असतील, तर स्वच्छतेला थोडे द्यावेत आणि पाहण्याला अधिक. वाकडी रेघ सरावाने सुधारते. पाहण्याची सवय एकदा मोडली, तर ती सहसा परत येत नाही. आणि एखाद्या चित्रात आपल्याला न समजणारा रंग दिसला, तर हातातील लाल पेन्सिल बाजूला ठेवावी, त्या मुलाच्या जागेवर जाऊन खाली बसावे, आणि तेथून एकदा तांब्याकडे पाहावे.